जप्त अनामतीचा हिशेब

विधानसभेच्या पुढील निवडणुकीस अद्याप अवकाश असला तरी पक्षात तिच्याविषयी चर्चा सुरू झाली आहे, आणि ती ज्या दिशेने चालली आहे ती पाहता काही गोष्टी आताच बोलून टाकणे मला अगत्याचे वाटते. चर्चेचा सूर असा की, २०२४ साली आपण दोन्ही आघाड्यांच्या बाहेर राहून काही ठिकाणी उमेदवार उभे केले ही चूक झाली. त्यांच्या अनामती जप्त झाल्या, पक्षाचे हसे झाले आणि जातीयवाद्यांच्या विरोधातली मते फुटली ती वेगळीच. सबब पुढच्या खेपेस मोठ्या आघाडीशी वेळीच बोलणी करून दोन-तीन जागा पदरात पाडून घ्याव्यात आणि उरलेल्या महाराष्ट्रात आघाडीचा प्रचार करावा. हा विचार मांडणारे सहकारी प्रामाणिक आहेत, त्यांतील काहींनी पक्षासाठी तुरुंग पाहिला आहे. तरीही हा विचार चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर या पक्षाला वेगळे नाव धारण करण्याचे काही कारण उरणार नाही असे माझे मत आहे.

जप्त झालेल्या त्या अनामतींपैकी एक माझी होती, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन पराभूताची तक्रार म्हणून वाचायचे की कसे ते वाचकांना ठरवता येईल. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका मतदारसंघात उभा राहतो आणि त्याला एक षष्ठांश वैध मते मिळत नाहीत, म्हणून त्याचे दहा हजार रुपये सरकारजमा होतात. यात आश्चर्य कसले? पण या दहा हजारांच्या बदल्यात जे शिकायला मिळाले ते पस्तीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना शिकवू शकलो नव्हतो.

कायद्यानुसार सर्व उमेदवार समान आहेत असा आपला समज असतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, आमच्यासारख्याला दहा लागतात. ही तरतूद १९९६ सालची. दहा सह्या म्हणजे काय मोठेसे, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. परंतु वाडी-तांड्यावर ज्याने सही केली त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सरपंचापासून मुकादमापर्यंत सर्वांना ठाऊक होते. माझ्या दहा सूचकांपैकी दोघे सही करून घरी गेले आणि संध्याकाळी येऊन ती मागे घेता येते का, अशी चौकशी करून गेले. मी त्यांना दोष देत नाही. मतदान यंत्रावरही आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावे, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांची, मग अपक्षांची, असा क्रम असतो. चिन्हाचे तर विचारूच नये. मोठ्या पक्षांचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतींवर रंगवलेले असते. आमचे चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर हाती पडते. २०२४ साली ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रचार थांबला. चौदा दिवसांत तीनशेहून अधिक मतदान केंद्रांच्या मतदारसंघात नवे चिन्ह घरोघर पोचवायचे, आणि तेही अक्षरओळख नसलेल्या मतदारापर्यंत. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात काय झाले ते आठवावे: तुतारीशी नामसाधर्म्य असलेल्या पिपाणीच्या चिन्हावर एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली आणि तुतारीवाला उमेदवार त्याहून कमी मतांनी हरला. चिन्ह ही किती मोठी मालमत्ता आहे हे दोन्ही आघाड्यांना पुरते ठाऊक आहे.

आणि पैसा. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून चाळीस लाख रुपये खर्च करण्याची मुभा आहे. मी लोकवर्गणीतून जमवलेले साडेतीन लाख खर्च केले आणि त्यांतील पै न पै निवडणूक निरीक्षकांच्या नोंदवहीत दाखवली. माझ्या प्रतिस्पर्ध्यांच्या सभेला नेते हेलिकॉप्टरने आले. तो प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस आणि आमच्यासारख्याला वीस नेते नेमता येतात, म्हणजे कायद्याने आम्हालाही वगळलेले नाही, हेलिकॉप्टर तेवढे मिळाले पाहिजे! १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे असा निवाडा दिला होता. त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निष्प्रभ करण्यात आला. २००३ साली त्या पळवाटेचे तोंड थोडे लहान केले गेले, बंद केले गेले नाही. पुढे २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना आली आणि न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवीपर्यंत कोणत्या उद्योगाने कोणाच्या थैलीत किती टाकले हे मतदाराला कळण्याची सोय नव्हती. दोन्ही आघाड्यांतल्या प्रमुख पक्षांनी ते रोखे वटवले. या मुद्द्यावर त्यांच्यातले अंतर रकमेचे आहे.

हे सारे रडगाणे म्हणून मी सांगत नाही. खेळाचे नियम प्रस्थापितांनी आपल्या सोयीने लिहावेत यात नवीन काही नाही, आणि ते ठाऊक असूनच आपण उतरतो. मला खरा धक्का बसला तो निराळ्या ठिकाणी.

एका वस्तीवर संध्याकाळी सभा झाली. सभा म्हणजे चाळीसएक माणसे, त्यांत निम्म्या बाया. वस्तीतल्या बहुतेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे शासनाने ठरवलेले आणि मतदान २० नोव्हेंबरला. ट्रॅक्टर केव्हा येईल याचीच सर्वांना काळजी. मी ऊसतोड मजुरांसाठी माथाडी कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र कायदा हवा हे समजावून सांगितले. बोलणे संपल्यावर एक चाळिशीतली बाई उठली आणि म्हणाली, “सर, तुमचं समदं खरं हाय. पण आमच्या वस्तीवरून तुमाला मतं पडली अन् तुमी पडले, तर उद्या मुकादम आमाला उचल देईल का? तुमी जाताल शहरात.”

मी तिला मतदान गुप्त असते हे सांगितले. ती हसली. तिचे हसणे बरोबर होते. मतमोजणी झाल्यावर केंद्रनिहाय आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध होतो. एका वस्तीला एक केंद्र असेल तर त्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे तालुक्याला कळते. मतपत्रिकांच्या काळात आयोगाला आवश्यक वाटेल तेथे निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रे आल्यावर ती सोय गेली. अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज देणारे उपकरण वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ सालीच दिला होता, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, आणि केंद्र सरकारने तो फेटाळला. कोणत्या गावाने आपल्याला मते दिली नाहीत हे समजले नाही तर गावांचा विकास कसा करायचा, असा काहीसा विचार त्यामागे असावा! मतविभागणीच्या नावाने गळा काढणाऱ्या कोणत्या मोठ्या पक्षाने या उपकरणासाठी मोर्चा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा ‘मत वाया जाईल’ या वाक्याचे दोन निरनिराळे अर्थ आहेत. त्या बाईच्या तोंडी त्याचा अर्थ असा की, मत दिल्याची किंमत मला मोजावी लागेल आणि ती मोजताना माझ्या पाठीशी कोणी नसेल. या आक्षेपाला माझ्याकडे त्या संध्याकाळी उत्तर नव्हते. त्याकडे मी शेवटी येईन. शहरातल्या दिवाणखान्यात हेच वाक्य उच्चारले जाते तेव्हा त्याचा अर्थ फार वेगळा असतो. तेथे मत हे गुंतवणुकीसारखे मानले जाते आणि जिंकणाऱ्या घोड्यावर लावले नाही तर ते बुडाले असा हिशेब मांडला जातो. या हिशेबाने पाहू गेले तर १,६२,००० मतांनी जिंकणाऱ्याला दिलेले शेवटचे लाखभर मतही वायाच गेले म्हणायचे. मालेगाव मध्यची जागा २०२४ साली अवघ्या १६२ मतांनी ठरली; तेथले मत तेवढे कामी आले आणि बाकी २८७ मतदारसंघांतला मतदार मूर्ख ठरला, असे का कोणी म्हणते?

अर्थशास्त्रात हॅरॉल्ड हॉटेलिंग यांचा १९२९ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. एका लांब रस्त्यावर दोनच दुकाने असतील तर दोघेही दुकानदार गिऱ्हाईक ओढण्यासाठी सरकत सरकत मध्यावर एकमेकांना खेटून बसतील आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या गिऱ्हाइकांना उगाच लांब चालत यावे लागेल, असे त्यांनी दाखवले. अमेरिकेतील दोन पक्षांची गतही अशीच होते, हे त्याच निबंधात त्यांनी नमूद केले आहे. वर्गात हा सिद्धांत शिकवताना मी आठवड्याच्या बाजाराचे उदाहरण देत असे. आता मला विधानसभेचे द्यावे लागेल. २०२४ च्या जुलैपासून सरकारने लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये सुरू केले. निवडणूक आली तेव्हा सत्ताधाऱ्यांनी २,१०० चे आश्वासन दिले, विरोधकांनी ३,००० चे. बाईच्या हाती चार पैसे पडले याचे मला मुळीच दुःख नाही. उलट ज्यांना कारखान्यांची कर्जहमी खटकत नाही त्यांना हेच तेवढे खटकते याचा मला राग येतो. प्रश्न असा आहे की, त्या बाईला सहा महिने घर सोडून उसाच्या फडात का राहावे लागते, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ का धरले जातात आणि तिच्या वेगळ्या मजुरीची नोंद कोठेच का होत नाही, हे दोन्ही जाहीरनाम्यांच्या रस्त्याच्या टोकाला पडलेले विषय आहेत. तेथे दुकान मांडायला कोणी येत नाही.

आणि का येत नाही, हेही उघड आहे. साखर कारखान्यांचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि अध्यक्षांचे चिरंजीव दोन्ही आघाड्यांच्या उमेदवारयाद्यांत आहेत. तोडणीचा दर कोठे ठरतो? जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ झाली ती साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण एरवी निवडणुकीत परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन बाजूंचे नेते ज्या प्रश्नावर एका टेबलाशी बसून निर्णय करतात, तो प्रश्न विधानसभेच्या पटलावर कायदा म्हणून येण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावे. १९६९ साली याच विधिमंडळाने माथाडी कामगारांसाठी मंडळाची स्थापना करणारा कायदा केला. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार यांची सोय करायची, अशी ती रचना आहे. तीच रचना कारखाना, मुकादम आणि कोयता यांच्यात आणली तर उचलीचा फास सैल होईल. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली आणि समितीही नेमली गेली, तेव्हाही मुकादमी पद्धतीला हात लागला नाही. हा कायदा सभागृहात मागणारा एकही आमदार नसेल तर तो कधीच होणार नाही. दोन-तीन जागांच्या बदल्यात आघाडीचा पक्षादेश पाळणारा आपला आमदार तो मागू शकेल काय? विचारून पाहा.

आता मतविभागणी. आमच्यामुळे जातीयवादी निवडून येतात हा आरोप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण २०२४ चे आकडे समोर ठेवून बोलू. महायुतीला २३० जागा, महाविकास आघाडीला ४६. सुमारे निम्म्या मतांत सभागृहाच्या ऐंशी टक्के जागा एका बाजूला गेल्या. तीन मोठे पक्ष एकत्र होते, आपल्यासारखे लहानसहान पक्ष तर बहुतेक त्यांच्याच बरोबर होते, आणि तरीही ही दशा झाली. एवढा मोठा पराभव आम्ही काही हजार मते घेतल्याने झाला असे म्हणणे म्हणजे पुराचा दोष गावच्या पाणवठ्याला देण्यासारखे आहे.

शिवाय, मतविभागणीची खरोखर एवढी चिंता असेल तर तिच्यावर औषध आहे आणि ते आमदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. विधान परिषदेवर सदस्य निवडताना हेच आमदार मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असा पसंतीक्रम लिहितात. राज्यसभेसाठी तसेच, राष्ट्रपतिपदासाठी तसेच. पदवीधरांनाही ती सोय आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जाते, वाया जात नाही. मग विधानसभेच्या साध्या मतदारालाच काय झाले? त्याला दोनपर्यंत मोजता येत नाही, असे का आपण मानायचे? हा बदल संसदेने करावयाचा आहे हे मला ठाऊक आहे; पण त्यासाठी एखादी मोठी आघाडी आग्रह धरताना दिसत नाही, कारण मतविभागणीची भीती हे त्यांचे भांडवल आहे. भीती गेली तर आपल्यासारख्यांना दारात उभे करून दोन जागांवर बोळवण करण्याची त्यांची सोय जाईल.

आघाडीवादी सहकारी १९५७ चा दाखला हमखास देतात. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली हे खरेच. पण समिती जागावाटपासाठी जमलेली नव्हती. एका मागणीसाठी माणसे रस्त्यावर गोळ्या खाऊन पडली होती आणि समितीतल्या प्रत्येक पक्षाचे स्वतःचे गाव, स्वतःची युनियन, स्वतःचा कार्यकर्ता होता. १ मे १९६० ला मागणी पुरी झाली, समिती विस्कटली, आणि १९६२ साली काँग्रेस २६४ पैकी २१५ जागा घेऊन परतली. दुसरा दाखला मात्र कोणी देत नाही, तो १९७७ चा. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाल्याच्या आनंदात रात्रभर पोस्टर चिकटवत हिंडलो होतो. हुकूमशाहीविरुद्ध एकत्र येणे त्या वेळी आवश्यक होते, आजही मी तसेच म्हणेन. पण एकत्र येणे निराळे आणि घर मोडून मोठ्या वाड्यात बिऱ्हाड करणे निराळे. वाडा अडीच-तीन वर्षांत कोसळला. घर पुन्हा उभे राहिले नाही.

समझोता हे पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमधील मजूर प्रतिनिधी समितीने १९०३ साली उदारमतवाद्यांशी गुप्त समझोता केला आणि १९०६ साली तिचे २९ खासदार निवडून आले. परंतु त्याआधी दोन पोटनिवडणुकांत तिने आपले माणूस निवडून आणून दाखवले होते, आणि निवडून आलेले ते २९ जण सभागृहात स्वतंत्र पक्ष म्हणून बसले. आधी ताकद, मग बोलणी. आपल्याकडचा क्रम उलटा आहे.

ताकद कशाने येते याविषयीही आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत समाजवादी पक्षाला सुमारे १२ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या ९. शेतकरी कामगार पक्षाला साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेर मते आणि जागा १४. आपली मते राज्यभर पातळ पसरलेली होती, शेकापची काही तालुक्यांत साचलेली होती. विखुरलेली सद्भावना सभागृहात पोचत नाही. त्याच शेकापचा सांगोला पाहा. गणपतराव देशमुख तेथून अकरा वेळा निवडून आले, १९७२ आणि १९९५ साली पडले, आणि पडल्यावरही त्याच गावांतून पाण्याच्या मागणीसाठी फिरत राहिले. २०१९ साली पक्षाने ती जागा अवघ्या ७६८ मतांनी गमावली. २०२४ साली दोन्ही आघाड्यांचे उमेदवार समोर असताना, म्हणजे तिरंगी लढतीत, शेकापने ती पंचवीस हजारांहून अधिक मतांनी परत घेतली. तेथे कोणाला मत वाया जाईल असे वाटले नाही, कारण पडलेला माणूस निघून जात नाही हे त्या तालुक्याने साठ वर्षे पाहिले होते. रायगडात मात्र त्याच पक्षाचा जुना बालेकिल्ला ढासळला, हेही नोंदवले पाहिजे. साचलेले पाणीही राखावे लागते.

आणि मूठभर आमदार काय करणार, या प्रश्नाला मुंबई इलाख्याच्या इतिहासातच उत्तर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जणांच्या विधानसभेसाठी १७ जागा लढवल्या आणि त्यांतील बहुतेक जिंकल्या. (त्या वेळी इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघांत आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची सोय होती, तिचा पक्षाला लाभ झाला, पद्धत बदलली की फळ बदलते, या माझ्या वरच्या म्हणण्याला तो पुरावाच आहे.) काँग्रेस सत्तेत, मुस्लिम लीग निराळी, आणि हा पक्ष दोहोंच्या बाहेर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. विधेयक त्या सभागृहात मंजूर झाले नाही. त्या अर्थाने त्या पक्षाला दिलेली सारी मते वाया गेली! पण एकदा पटलावर आलेला प्रश्न परत माजघरात ढकलता आला नाही, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली काँग्रेसच्याच सरकारला खोती रद्द करणारा कायदा करावा लागला. आंबेडकरांनी १९३७ साली तीन जागांसाठी काँग्रेसशी बोलणी केली असती तर खोती कोणी काढली असती, या प्रश्नाचे उत्तर मला आघाडीवादी सहकाऱ्यांकडून हवे आहे.

आता स्वतःकडे वळतो, कारण दुसऱ्यांवर टीका करून आपली सुटका होत नाही. २०२४ साली आपण उभे राहिलो हे बरोबर होते. आपण ज्या रीतीने उभे राहिलो ते निंद्य होते. माझ्या उमेदवारीचा निर्णय अर्ज भरण्याच्या अकरा दिवस आधी झाला. मी त्या डोंगरपट्ट्यात तोवर व्याख्यानापुरता जात होतो. दुसऱ्या एका ठिकाणी आपला उमेदवार माघारीच्या दिवशी दुपारी नाहीसा झाला आणि संध्याकाळी एका आघाडीच्या व्यासपीठावर प्रकट झाला. त्याला कोणी काय दिले ते मला माहीत नाही, पण ‘यांचे उमेदवार विकत मिळतात’ हा आरोप अशाच माणसांमुळे खरा वाटतो आणि त्याची किंमत बाकीच्या सर्वांना भरावी लागते. निकालानंतर मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो ते चार महिन्यांनी, टोळ्या परत आल्यावर. ती बाई भेटली. उचल मिळाली होती, पण वस्तीवरच्या दोन घरांना कोयत्यामागे पाच हजार कमी मिळाले, असे तिने सांगितले. माझ्यामुळे की आणखी कशामुळे हे तिला ठामपणे सांगता येईना. त्या दोन घरांत माझ्या सूचकांपैकी एकाचे घर होते. अनामत माझी जप्त झाली असे कागदोपत्री दिसते.

तेव्हा माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेल्या पक्षाला सर्व उमेदवारांसाठी एकच चिन्ह मिळायचे असेल तर राज्यातील किमान पाच टक्के मतदारसंघ लढवावे लागतात. २८८ चे पाच टक्के म्हणजे पंधरा. आपण पंधरा मतदारसंघ निवडावेत, सोळावा नको. ते कोठे आहेत हे प्रदेश कार्यालयाने नकाशा पाहून ठरवू नये. जेथे आपली मजूर संघटना, पाणी परिषद, अंगणवाडी सेविकांची युनियन किंवा निदान सलग तीन वर्षे चाललेले रोजगार हमीचे काम असेल तेच धरावेत. उमेदवारांची नावे या वर्षी जाहीर व्हावीत आणि त्यांनी त्याच दिवसापासून तेथे राहायला जावे. ज्याला ते शक्य नसेल त्याने, त्यात मीही आलो, उमेदवारी मागू नये. पंधरांपैकी निम्म्या बाया असाव्यात, आणि डोंगरपट्ट्यातली उमेदवार कोयता धरलेली असावी. तिला विधिमंडळाचे नियम शिकवण्याचे काम माझ्यासारख्या निवृत्तांनी करावे. तेवढे आम्हाला जमते. अनामत, सूचक आणि खर्च यांचा निधी आजपासून वेगळ्या खात्यात जमा व्हावा, आणि त्यातला एक भाग मत दिल्याबद्दल ज्यांची उचल कापली जाईल अशा घरांसाठी राखून ठेवावा. त्या बाईच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर मला सुचलेले नाही.

दोन्ही आघाड्यांशी बोलणी करायचीच असतील तर ती दोन मागण्यांवर करावीत: ऊसतोड मजुरांसाठी माथाडी धर्तीचा कायदा आणि केंद्रनिहाय मते उघड होऊ न देणारी मोजणी. ज्या आघाडीला त्या लेखी मान्य असतील तिच्याशी पंधरा जागांच्या बाहेर सहकार्य करण्यास माझी हरकत नाही.

जिल्हा समित्यांनी या विषयावरच्या बैठका दिवाळीनंतर ठेवल्याचे परिपत्रक आले आहे. दसरा झाला की टोळ्या गाव सोडू लागतात. ज्यांच्याविषयी ठरवायचे ते गावात असतानाच बैठका व्हाव्यात, म्हणून त्या भाद्रपदात घ्याव्यात अशी विनंती मी प्रदेश कार्यालयाला केली आहे. या लेखाच्या वाचकांनीही आपापल्या जिल्ह्यातून ती करावी.